माझ्या नावावरचं पित्ताशय

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष डॉक्टर अरुण चांदोरकर, त्यांच्या शेजारी घड्याळ काढून बसलेली आपल्या मंडळाची सेक्रेटरी विनीता, पुढच्या ओळीत गादीच्या खुर्चीवर बसलेल्या डॉक्टरांच्या मातोश्री मृणालिनीबाई, ज्यांना आपण आज नेपरव्हिलमधून घालवतो आहोत ते माझे चिरंजीव मनोहर आणि सूनबाई सुनेत्रा, आणि मागे टेबलापाशी उभं राहून ट्रेवरचा कागद हळूच उचलून बघणारी समस्त मंडळी, तुम्हा सगळ्यांना अनसूया साळवीचा नमस्कार.

विनीताने मला दोन मिनिटं दिली आहेत. वर बजावलं, "आजी, फक्त आशीर्वाद द्या हं." तर आशीर्वाद मी काल घरीच देऊन टाकले, दोघांनी वाकून नमस्कारही केला, ते काम झालं. म्हणजे ही दोन मिनिटं मोकळी आहेत. माझ्या आधी चार वक्ते बोलले, प्रत्येकाने "मी फार वेळ घेणार नाही" असं म्हणून वीस-वीस मिनिटं घेतली. मी तसं म्हणत नाही. मी वेळ घेणार आहे.

माझं शिक्षण तिसरी. संगमेश्वरजवळच्या आमच्या गावात चौथीचा वर्गच नव्हता, त्यामुळे नापास व्हायची संधी मिळाली नाही. हे भाषण मी स्वतःच्या अक्षरात लिहून आणलंय. सुनेत्रा म्हणत होती, "आई, मी टाइप करून देते." मी नको म्हटलं. तिने टाइप केलं असतं तर त्यात आशीर्वादच उरले असते.

बोलताना मी मधेच उजवी बरगडी दाबून धरीन. घाबरू नका. माझ्या पित्ताशयात खडे आहेत, काढायला हवेत, आणि सहा महिने झाले तरी ते निघालेले नाहीत. का निघालेले नाहीत, हेच मला आज सांगायचं आहे. त्याचं कारण मी राहते त्या कॅनडात नाही. ते याच हॉलमध्ये आहे.

पण आधी रीतीप्रमाणे उत्सवमूर्तींबद्दल. मनोहर आठ वर्षं अमेरिकेत आहे. त्यातली सहा वर्षं ग्रीन कार्डाची वाट बघण्यात गेली. सुनेत्रा फिजिओथेरपिस्ट. पुण्यात तिच्याकडे माणसं नंबर लावून बसायची. इथे तिच्या व्हिसावर काम करायची परवानगी नाही, म्हणून इतकी वर्षं तिने तुमच्या सगळ्यांच्या पाठी, माना, टाचा फुकट बघितल्या. आता ती कॅनडात चालली आहे. तिथे तिला काम करायची पूर्ण परवानगी आहे, फक्त तिची डिग्री चालत नाही. म्हणजे इथे ती शिकलेली असून रिकामी होती, तिथे ती डोनटच्या दुकानात शिकलेली असेल. याला प्रगती म्हणतात. माझी नात आरोही मला विचारते, "आज्जी, इज इट बेटर देअर?" मी म्हटलं, "थंडी बेटर आहे."

मघाशी वक्त्यांनी कॅनडाबद्दल फार माहिती दिली. ती ऐकून मला प्रश्न पडला, की मी तेरा वर्षं थोरल्याकडे, विवेककडे, मिसिसागाला राहते ती कुठल्या देशात राहते? एकजण म्हणाले, तिथे टॅक्स फार. एकजण म्हणाले, तो देशच नव्हे, अमेरिकेची माळ्यावरची खोली आहे. आणि आपले अध्यक्ष म्हणाले, "मनोहर, तिथे आजारी पडू नकोस बाबा. फुकट औषध म्हणजे रांग. माणूस मरतो, मग नंबर येतो." तुम्ही सगळे हसलात. मीही हसले, आणि बरगडीत कळ आली.

खरं ते सांगते. मी कॅनडाची जाहिरात करायला आलेली नाही. तिथे रांग आहे. आमच्या शेजारणीने गुडघ्यासाठी चौदा महिने काढले, तोवर दुसरा गुडघाही गेला, मग तिने म्हटलं, आता दोन्हीचा एकच नंबर लावा. आमचा घरचा डॉक्टर म्हातारा होऊन रिटायर झाला तर दुसरा मिळेना. तिथे नवा डॉक्टर पेशंट घेतोय अशी बातमी आली की लोक सोन्याच्या दुकानात सेल लागल्यासारखे धावतात. आम्ही धावलो तेव्हा त्याची वही भरली होती. मग जायचं कुठल्यातरी क्लिनिकमध्ये, नंबर घ्यायचा, दर वेळी नवा डॉक्टर, तो तुमच्या तोंडाकडे बघत नाही, कॉम्प्युटरकडे बघतो. हल्ली दर दीड-दोन वर्षांनी निवडणूक येते, कुणालाच पुरतं बहुमत मिळत नाही. उमेदवार बर्फातून दारात येतो आणि म्हणतो, आजी, मी रांग कमी करीन. मी त्याला चहा देते. चारदा दिला. रांग आहे तिथेच आहे, पण मुलगे सभ्य असतात, पायपुसण्यावर बूट पुसून आत येतात.

तर रांग आहे. पण त्या रांगेत उभं राहायला तिथे सगळ्यांना एक हेल्थ कार्ड मिळतं. रामागड्यालाही तेच आणि मंत्र्यालाही तेच. आता नवी कार्डं निघतात त्यांच्यावर फोटो असतो. माझं जुनं होतं, चौऱ्याण्णव सालचं, लाल-पांढरं. त्याच्यावर नाव आणि नंबर. फोटो नाही.

फोटो नाही, हे लक्षात ठेवा. अध्यक्षांनी ठेवलं होतं.

दोन हजार एक साली मनोहरची नोकरी गेली. तेव्हा कंपन्या धडाधड माणसं काढत होत्या, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. नोकरी गेली की व्हिसा जातो. त्या वेळी डॉक्टर चांदोरकरांनी या तिघांना आपल्या बेसमेंटमध्ये चार महिने ठेवून घेतलं आणि आपल्या ओळखीने दुसरी नोकरी लावून दिली. हे मी मोठ्याने सांगते आहे, कारण पुढचंही मोठ्यानेच सांगणार आहे. उपकार हे उपकार. मनोहर ते विसरला नाही, आणि डॉक्टरही विसरले नाहीत.

पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी आपल्या आईला कायमचं इथे आणलं. ग्रीन कार्ड झालं. पण इथला कायदा असा, की म्हाताऱ्यांचा जो सरकारी विमा आहे तो नव्याने आलेल्या म्हातारीला पाच वर्षं मिळत नाही. खासगी विमेवाल्यांनी विचारलं, जुनं काही दुखणं? बाईंना खड्यांचा त्रास पुण्यापासून होता. बाई खोटं बोलत नसत. फॉर्ममध्ये लिहिलं. विमेवाल्यांनी हात जोडले.

त्या दिवाळीला चांदोरकर मंडळी आमच्याकडे मिसिसागाला आली. नऊ तास गाडी चालवून आली. मला केवढं कौतुक, एवढा मोठा डॉक्टर आपल्या घरी फराळाला येतो. पाहुणा आला की आधी पाणी मागतो. डॉक्टर बूट काढता काढता म्हणाले, "काकू, तुमच्याकडचं ते हेल्थ कार्ड कसं असतं हो? बघू तरी." मी कौतुकाने दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "वा." मग मी बाईंची बॅग वरच्या खोलीत नेली, साड्या कपाटात लावून द्याव्यात म्हणून उघडली. दिवाळीला आलेल्या बाईच्या बॅगेत एक साडी आणि चार गाऊन, सपाता, टूथब्रश नवा कोरा. मी तिसरी शिकलेली, पण एवढं गणित मला येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी माझ्या हातची दोन कडबोळी खाल्ली आणि त्यांना कळ आली. खरीखुरी आली, त्यात नाटक नव्हतं. घामाने चिंब झाल्या. डॉक्टर माझ्यापुढे उभे राहिले.

"काकू, कार्ड द्या."

मी म्हटलं, "अहो, माझं कार्ड त्यांना कसं चालेल?"

"त्यांना काय कळतंय? साडी नेसलेली सत्तरीची बाई. त्यांच्या लेखी सगळ्या सारख्याच."

मी मनोहरकडे बघितलं. तो इथून त्यांच्याच गाडीत बसून आला होता. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आई, नाही म्हणू नकोस." मी नाही म्हटलं नाही. कार्ड कुणी चोरलं नाही, मी माझ्या हाताने दिलं. हे तुम्ही लिहून घेतलंत तरी चालेल.

आता या मृणालिनीबाई कोण, ते नव्या मंडळींना ठाऊक नसेल. पुण्यात मुलींच्या शाळेत बावीस वर्षं मुख्याध्यापिका. कॉपी करणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर काढलं, तर तिचे वडील नगरसेवक असूनही परत आत घेतलं नाही, असा दरारा. अशी बाई माझ्या नावावर पेपर सोडवायला बसली. गाडीत डॉक्टर त्यांच्याकडून पाठांतर करून घेत होते. नाव अनसूया. जन्मतारीख एक जून बत्तीस. ती तारीख ऐकून बाई कळ सोसतानाही हसल्या. म्हणाल्या, "खरी का?" मी म्हटलं, "खरी कुणाची असते? शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्या गावाची एक जून लिहिली." तर म्हणाल्या, "मीही शेकडो मुलींची लिहिली आहे." एवढंच खोटं त्या तोवर बोलल्या होत्या, आणि तेही सरकारी रीतीने.

दवाखान्याच्या आणीबाणीच्या खोलीत रांग लागली नाही. ज्याला खरोखर कळ असते त्याला आत घेतात, हे डॉक्टरांनी मघाच्या भाषणात सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन, पाचव्या दिवशी बाई आमच्या सोफ्यावर मऊ भात खात होत्या. एक पैसा लागला नाही. जाताना डॉक्टरांनी मला एक भारी शाल दिली. आणि इथे येऊन पुढच्याच गणपतीत त्यांनी भाषण केलं, विषय होता फुकट्या सरकारी वैद्यकसेवेने होणारा समाजाचा ऱ्हास. ते भाषण मी कॅसेटवर ऐकलं. फार छान होतं.

इथपर्यंत ही गोष्ट कुणाच्याही घरातली आहे. मी मागच्या टेबलांवर बघते आहे, तिथे दोघा-तिघांनी माना खाली घातल्या आहेत. तुमचं तुम्ही बघा.

गेल्या उन्हाळ्यात मला दुखायला लागलं. विवेक मला क्लिनिकमध्ये घेऊन गेला. तिथल्या मुलाने कॉम्प्युटर बघितला आणि म्हणाला, पित्ताचं काही नाही, तुमचं पित्ताशय दोन हजार दोनमध्येच काढलंय. ते माझं नव्हतं, पण काय बोलणार? ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. महिन्याने पुन्हा गेले, दुसरा डॉक्टर, तोच कॉम्प्युटर, त्याच गोळ्या. तिसऱ्या वेळी एक नर्स होती, ती फाइल वाचता वाचता थांबली. विवेकला म्हणाली, "इथे लिहिलंय, पेशंट उत्तम इंग्रजी बोलतात." मी शेजारी बसून मराठीत कण्हत होते.

तुम्हाला कळलं ना काय झालं? बाईंनी त्या वेळी नर्सशी मुख्याध्यापिकेचं इंग्रजी झाडलं होतं, एका सिस्टरचं व्याकरणही सुधारलं होतं. ते सगळं माझ्या नावावर लागलं. आता चार वर्षांत या बाईचं सगळं इंग्रजी गेलं, म्हणजे हिचा मेंदू चालला, असं त्यांनी ठरवलं. पोट राहिलं बाजूला, मला स्मरणशक्तीच्या परीक्षेला बसवलं.

एक मुलगी आली, सोबत दुभाषी. म्हणाली, घड्याळ काढा. काढलं. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. दाखवली. आजचा वार? गुरुवार. देशाचे पंतप्रधान कोण? मी म्हटलं, बाई, गेल्या वर्षी विचारलं असतंस तर वेगळं नाव सांगितलं असतं, पुढच्या वर्षी विचारशील तर मला चौकशी करावी लागेल. दुभाषी हसला, त्याने ते सांगितलंच नाही. मला पैकीच्या पैकी मिळाले. आयुष्यातली पहिली परीक्षा पास झाले, आणि पोटात दुखत होतं ते दुखतच राहिलं.

घरी जायला टॅक्सी केली. विवेकची मीटिंग होती. टॅक्सीवाला आपला, विक्रम त्याचं नाव, नागपूरचा. मी मागे "आई गं" म्हटलं तसं त्याने आरशातून बघितलं.

"आजी, कुठे दुखतंय?"

"तू समोर बघ बाबा."

"बघतोय. उजवीकडे बरगडीखाली ना? पाठीत जातं का, खांद्याकडे?"

"जातं."

"तेलकट खाल्लं की जास्त?"

"तुला काय करायचंय?"

"आजी, हे पित्ताशय आहे."

"ते काढलंय म्हणतात."

त्याने सिग्नलला गाडी थांबवली आणि मागे वळला. "कोणाचं?"

मी म्हटलं, सिग्नल सुटला बघ. तो म्हणाला, "मी बारा वर्षं सर्जन होतो, आजी. नागपुरात अशी सहाशे-सातशे काढली असतील. या देशाने व्हिसा देताना डॉक्टर म्हणून जास्त मार्क देऊन मला बोलावलं, आणि आल्यावर म्हणाले, आधी ट्रेनिंगची जागा मिळवा. तीन वर्षं झाली, जागा नाही. तुमच्या पोटात आहे ते मला इथून दिसतंय. सोनोग्राफी करा, ऐकू नका कोणाचं."

ज्या देशात कॉम्प्युटरला कळलं नाही ते टॅक्सीत कळतं, त्या देशाला काय म्हणावं? मनोहर, तुला मी हे त्या देशाबद्दलही सांगून ठेवते. तिथे चांगले डॉक्टर हवे असतील तर रस्त्यावर हात कर.

सोनोग्राफीला सहा आठवडे लागले. झाली. खडे सहा. क्लिनिकमध्ये तेव्हा एक तरुण डॉक्टरीण होती, रेणू नाव, तिथेच जन्मलेली पंजाबी मुलगी. तिने दार लावलं. हिंदीत म्हणाली, "आजी, काढलेलं पित्ताशय परत उगवत नाही. ही फाइल दोन बायकांची आहे. रक्ताचा गट तुमचा नाही. हिला एका औषधाची ॲलर्जी आहे, ती तुम्हाला नाही, आणि तुम्हाला कशाची आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. अशा फाइलवर कुठलाही सर्जन तुम्हाला टेबलावर घेणार नाही. ती दुसरी कोण, ते तिच्या सहीने लिहून आणा."

मी त्या मुलीला सगळं सांगितलं, फक्त नाव सोडून. मग सरकारी कचेरीतही जाऊन तेच सांगितलं. तिथली बाई म्हणाली, हा गुन्हा आहे. मी म्हटलं, आहे. आधी खडे काढा, मग मला आत टाका, नाहीतर तुरुंगात माझं पथ्याचं कोण करून घालणार? तिने मला नवं कार्ड दिलं, फोटोवालं. फोटो फार वाईट आला आहे, पण माझाच आहे.

मग नोव्हेंबरात मी डॉक्टरांना फोन केला. एक कागद, एक सही, एवढंच. डॉक्टर म्हणाले,

"काकू, आत्ता नको. आईचा सिटिझनशिपचा अर्ज जाणार आहे. त्यात विचारतात, कधी गुन्हा केला आहे का. तो इंटरव्ह्यू होऊन जाऊ द्या."

"कधी आहे?"

"तारीख यायची आहे."

"बाईंना विचारलंत?"

"आईला या वयात कशाला टेन्शन?"

बाईंपेक्षा मी दोन वर्षांनी मोठी आहे. असो. दर महिन्याला फोन केला, दर महिन्याला तारीख यायची होती. जानेवारीत मला तीन दिवस दवाखान्यात सलाइनवर ठेवलं. तेव्हा चांदोरकरांनी मला सुनेत्राच्या हाती पथ्याचा एक छापील कागद पाठवला. तूप टाळावे.

म्हणून म्हटलं, अध्यक्ष महाराज, तुमचं खरं आहे. कॅनडात रांग असते. माझी रांग सहा महिन्यांची आहे, आणि तिच्यात माझ्या पुढे एकच माणूस उभा आहे. त्याच्या गळ्यात आज हार आहे.

विनीता, चिठ्ठी पाठवू नकोस, मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा मी भाषणाला लावलाय. मनोहर, तूही बस. तुला ओशाळं वाटतंय ते मला दिसतंय. पण उपकार तुझ्यावर झाले, परतफेड माझ्या पोटातून चालली आहे, तेव्हा बोलायचा हक्क माझा.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी सूड घ्यायला उभी राहिली. माझं सुडाचं वय नाही आणि ताकदही नाही. आज सकाळी डॉक्टर हॉल सजवायला इथे आले होते तेव्हा मी सुनेत्राला म्हटलं, मला चांदोरकरांकडे सोड. बाई एकट्याच होत्या. वर्तमानपत्र वाचत होत्या, हातात लाल पेन. त्यातल्या चुका काढायची सवय अजून आहे.

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला माहीत आहे का, मी कशाने आजारी आहे?"

म्हणाल्या, "अरुण म्हणाला, ॲसिडिटी."

मग मी सांगितलं. सगळं, अगदी घड्याळ काढलं तेसुद्धा. त्यांनी वर्तमानपत्राची घडी करून ठेवली. पेनाचं टोपण लावलं. खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काय होतं, गॅरेजपुढे साठलेला काळा बर्फ. मग म्हणाल्या,

"अनसूयाबाई, ऑपरेशनच्या आधी त्यांनी माझ्याकडून सही घेतली होती. तुमच्या नावाची. तुम्ही कमी शिकलेल्या, म्हणून मी मुद्दाम वेडंवाकडं काढलं. त्या अक्षराची मला चार वर्षं लाज वाटते आहे. कागद आणलाय?"

वकिलाकडून लिहून घेतलेला कागद माझ्या पिशवीत नोव्हेंबरपासून होता. मी काढून दिला. त्यांनी वाचला, एका ठिकाणी तारीख चुकली होती ती दुरुस्त केली, वकिलाच्या इंग्रजीतली एक चूकही दाखवली. मी म्हटलं, "बाई, सही केलीत तर तुमची सिटिझनशिप अडेल. अरुणराव खोटं बोलत नव्हते." म्हणाल्या, "अडू दे. इंटरव्ह्यूला मला हात वर करून शपथ घ्यायला लावणार, खरं सांगेन म्हणून. मग तिथे मी काय करायचं, पुन्हा वेडंवाकडं अक्षर काढायचं?" आणि सही केली. मृणालिनी चांदोरकर. असं अक्षर मी जन्मात बघितलं नाही.

मी विचारलं, "अरुणरावांना तुम्ही सांगाल ना?"

तर म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. घरी तो मला बोलू देत नाही, 'आई, तू विश्रांती घे' म्हणतो. मंडळात माईकपाशी माणूस उभा असला की त्याला मधे बोलता येत नाही, कारण तो अध्यक्ष असतो."

म्हणून हे भाषण. हा कट माझा एकटीचा नाही, पुढच्या ओळीतही एक कटवाली बसली आहे. डॉक्टर, तिच्याकडे असं बघू नका. ती कागदाच्या दोन प्रती करूनच इथे आली आहे.

कागद आता माझ्याकडे नाही, आज दुपारीच सुनेत्राने तो रेणू डॉक्टरला फॅक्स केला, आणि अस्सल कागद ती परवा गाडीतून सोबत नेते आहे. सासूसाठी सुनेने एवढं केलं, तेव्हा मघाशी मी तिच्या डोनटच्या दुकानाबद्दल बोलले ते मागे घेते. तिथे ती पुन्हा परीक्षा देईल आणि पास होईल. परीक्षा मी पास झाले तर तिला काय अवघड आहे?

मंडळाने माझ्या मुलाला आणि सुनेला आठ वर्षं आपलं म्हटलं, त्याबद्दल मी आभार मानते. बेसमेंटबद्दल डॉक्टरांचे वेगळे आभार, ते खरोखरचे आहेत, त्यात टोमणा नाही. मृणालिनीबाईंचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि असते तर त्यांनी त्यातल्या चुका काढल्या असत्या. बोलताना कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, शब्द कमी-जास्त पडला असेल, वेळ तर जास्त झालाच आहे, तर तिसरी शिकलेल्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला. माझ्या पोटात आता जागा नाही.

यानंतर कार्यक्रमपत्रिकेत अध्यक्षीय समारोप आहे. डॉक्टर, माईक मी चालू ठेवते आहे. काय बोलायचं ते सुचेपर्यंत सावकाश घ्या. मला थांबायची सवय तुम्हीच लावली आहे.